पडदा पडेपर्यंत मरून राहा

आईची शपथ घेऊन सांगतो, यातला एक शब्दही खोटा नाही. आई परवाच म्हणाली, "माही शपथ घेनं बंद कर बाप्पा, मागच्या खेपेपासून माहे गुडघे दुखून राहिले." तेव्हा आईची शपथ राहू द्या. पण खरं आहे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. बायकोचं म्हणणं, गेल्या दिवाळीत हाच किस्सा सांगताना मी बारा वर्षांचा होतो. असेनही. माणूस वाढतोच की.

चहा घ्या, गार होईल. पचका कशाला म्हणतात ते तुम्हाला आज कळेल. माझा तसा पचक्यांचा ठोक व्यापार आहे, पण हा त्यातला सगळ्यात भारी माल.

छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. आम्ही भिलाईत, कॅम्प-1 मध्ये राहायचो. बाबा रेल्वेत, दुर्ग लाइनवर मालगाडीचे गार्ड. घरात आमचं नागपुरी मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. शुद्ध मराठी कानावर पडायची जागा एकच. मराठी मंडळाची युवा नाट्यशाखा.

दर गणपतीत शाखेचं एक नाटक व्हायचं, आणि त्यात माझी प्रगती पाहण्यासारखी होती. पहिल्या वर्षी मी झाड होतो. दुसऱ्या वर्षी घोड्याचे मागचे पाय. पुढचे पाय बंटी होता. त्याने ऐन युद्धात मला न विचारता उडी मारली आणि घोडा मधून फाटून एकाचे दोन झाले. त्यानंतर मला 'तांत्रिक विभागात बढती' असं सांगून पडद्याच्या दोरीवर बसवलं. तिथे मी बरीच वर्षं होतो. दोन.

नाटक बसवायच्या मेघनाताई. लग्न होऊन पुण्याहून भिलाईत आलेल्या, नवरा प्लांटमध्ये इंजिनिअर. बाईंचं मराठी म्हणजे इस्त्रीचे कपडे. आमच्यापैकी कोणी 'मले' किंवा 'तुले' म्हणालं, की त्या डोळे मिटून घ्यायच्या. दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा.

इकडे बाबांचा नाटकाला विरोध. कलेशी वैर नव्हतं त्यांचं, दोरीशी होतं.

"दोरीच ओढाची असंल," बाबा म्हणायचे, "तं हथखोजले मामाच्या वर्कशॉपवर चेन-पुली ओढ. चार लोखंडं तरी उचलले जातीन. तुह्या पडद्यानं काय उचलल्या जाते?"

"नाटक उचलल्या जाते, बाबा."

"पाहतो कसं उचलल्या जाते ते."

आणि त्या वर्षी नेमकं काय झालं, पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या पोराला प्रयोगाच्या आदल्या दिवशी कांजिण्या आल्या. ताईंनी तालमीच्या हॉलमध्ये चारी बाजूंना नजर फिरवली. सगळे कुठल्या ना कुठल्या भूमिकेत होते. कोपऱ्यात दोरीशी चाळा करत मी एकटा बसलो होतो.

मी धावत घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी चष्मा वर केला. "अस्सं? मंग उद्या येतो मी पाहाले. काही दम दिसला तं राय नाटकात, मी काही बोलत नाही. नाही तं सोमवारपासून शाळा सुटली का सीधा हथखोज. मंजूर?"

मंजूर म्हणण्याशिवाय काय करणार? म्हणजे बघा, एका पहारेकऱ्यावर माझं सगळं भविष्य लटकलेलं. आणि त्या पहारेकऱ्याला एक वाक्य नाही.

नाटक ताईंनीच लिहिलेलं, ऐतिहासिक. कुठला तरी किल्ला, त्यात एक फितूर सरदार, तो बंटी. शेवटच्या अंकाच्या सुरुवातीला तो दारावरच्या पहारेकऱ्याला भोसकून पळतो. मग किल्लेदाराची मुलगी येते, ती विद्या. ती पहारेकऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन लांबलचक शोक करते, सूड घ्यायची प्रतिज्ञा करते, आणि पडदा.

ताईंनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, तुझं काम अगदी सोपं आहे. बंटीने भोसकलं की तू खाली पडायचंस. त्यानंतर फक्त मरून राहा. पडदा पडेपर्यंत मरून राहायचं. जमेल?"

"पूर्ण अंकभर, ताई?"

"पूर्ण अंकभर. आणि नीट केलंस ना, तर पुढच्या वर्षी तुला बोलायचं काम." तेवढ्यात कोणीतरी त्यांना फेट्यांसाठी हाक मारली आणि त्या गेल्या.

आता तुम्ही पुण्यामुंबईकडचे लोक हसायला लागलात, दिसतंय मला. तुमच्याकडे मरून राहणं म्हणजे एकदाचं मरायचं आणि मग तसंच पडून राहायचं. फुकटचं काम. पण आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे ताटावर बसलोय, घास तोंडात आहे. 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे. मग 'मरून राहा' म्हणजे काय झालं? मरणं चालू ठेव. थांबू नको.

माझी छाती फुगली. अख्खा अंक मी मरणार. विद्या काय ती बाजूला थोडंफार बोलणार.

घरी येऊन सतरंजीवर सराव सुरू केला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कावून कण्हून राहिला रे?"

"मरून राहिलो."

"मर, पन पहिले चक्कीवरून दळन घेऊन ये."

दळण आणताना मी मरणाचा पूर्ण कार्यक्रम आखला. आधी खोकत मरायचं. मग तडफडत. मग हाताच्या खुणेने पाणी मागत. शेवटी एक पाय झाडत. पायाचा अभिनय मी बाजारातल्या कोंबडीवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून शिकलो. निरीक्षण लागतं हो कलेला.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल गच्च. शेवटचा अंक सुरू झाला. बंटीने भोसकलं, मी कोसळलो आणि खोकायला लागलो. पहिल्या खोकल्याला टाळी पडली. अजून काय पाहिजे? मी तडफडायला घेतलं.

विद्या आली. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि सुरू केलं, "हे शूर पहारेकऱ्या, तुझे ओठ आता कायमचे मिटले..." मी तिच्याकडे बघून जोरात कण्हलो. पोरगी हुशार. क्षणभर थांबून म्हणाली, "...मिटत आले."

लोक हसले. मला वाटलं, विद्या चुकली.

"तुझा श्वास थांबला," विद्या पुढे म्हणाली, आणि त्याच वेळी तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी श्वास थांबवण्याऐवजी दुप्पट घ्यायला लागलो. कार्यक्रमाप्रमाणे आता पाणी मागायची वेळ झाली होती. मी थरथरता हात प्रेक्षकांकडे पसरला. पहिल्या रांगेतल्या एका मावशींचा जीव कळवळला. त्या उठल्या आणि त्यांनी स्टेजवर आपली पाण्याची बाटली सरकवली. आता भूमिकेत शिरलेला नट काय करणार? प्यालो. ताजातवाना झालो आणि नव्या दमाने मरायला लागलो.

विंगेतून ताईंचा आवाज आला, दबका. "मर."

मी पाय झाडला.

"अरे, मरून राहा."

"मरूनच राहिलो ना, ताई," मी म्हणालो.

ते मात्र मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कोणीतरी छत्तीसगढीत ओरडलं, "कतका मरबे रे बाबू?" किती मरशील, याचं उत्तर माझ्याकडे होतं. पडदा पडेपर्यंत. पण मला वाक्य नव्हतं.

आता बंटी. त्याचं काम संपलं होतं, पण विंगेत पोरं त्याला चिडवायला लागली होती, तुझ्याने एक शिपाई मरत नाही म्हणून. तो तलवार घेऊन पुन्हा आत आला. फितूर सरदार, विद्याच्या शोकात, परत. त्याने मला दुसऱ्यांदा भोसकलं आणि वाकून कानात म्हणाला, "मर ना बे."

"मरून राहिलो."

"लगा की नहीं?"

"लगा."

"तो फिर?"

"ताईने बोला है, परदा गिरने तक मरना है."

बंटी विचारात पडला. ताईंचा शब्द त्यालाही मोडवेना. म्हणून तो माझ्याशेजारीच उभा राहिला आणि मी जरा मंदावलो की एकेकदा भोसकत राहिला. मदत म्हणून. विद्या तोवर प्रतिज्ञेपर्यंत पोचली होती. "त्या फितुराला मी पाताळातूनही शोधून काढीन," असं तिने आकाशाकडे बघून सांगितलं. बंटीचा पाय तिच्या पदरावर होता.

मावशींनी टाळी वाजवली. हॉलमध्ये लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते. आणि मी मनात म्हणत होतो, बाबा, पाहून राहिले ना?

"पडदा," ताई विंगेतून म्हणाल्या. "पडदा पाडा. दोरीवर कोण आहे?"

विंगेतली सगळी पोरं हळूहळू माझ्याकडे वळली. विद्या माझ्याकडे बघायला लागली. बंटीसुद्धा.

दोरीवर मी होतो.

आता मला सांगा, अशा वेळी काय करायचं? उठून चालत जावं, तर मरणं थांबतं. न जावं, तर पडदा पडत नाही, म्हणजे मरणं संपत नाही. मी दोन्ही धरून ठेवलं. सरपटत निघालो. मध्येमध्ये खोकत, मध्येमध्ये पाय झाडत. विद्याच्या मांडीवर डोकं असायला हवं होतं म्हणून तीही गुडघ्यांवर माझ्यामागे रांगत, "नको जाऊस, शूरा," असं स्वतःच्या पदरचं वाक्य टाकत. तिच्यामागे बंटी, भोसकत. अशी आमची वरात स्टेजच्या या टोकाहून त्या टोकाला गेली.

दोरी जड. आडवं पडून ओढली जाईना. मग मी कण्हत उभा राहिलो, दोन्ही हातांनी पडदा ओढला, त्याची दोन टोकं एकमेकांना लागली, तसा एक सुस्कारा टाकून जमिनीवर पडलो आणि एकदाचा मेलो. अगदी सांगितल्याप्रमाणे.

ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी तुला मरून राहा म्हणाले होते."

"मंग मरूनच राहिलो होतो ना, ताई."

"अरे, मरून राहा म्हणजे मेलेला राहा."

बंटी हळूच म्हणाला, "तो वैसा बोलना था ना, ताई."

आणि तेवढ्यात विंगेत कोण आलं? बाबा. थेट ड्युटीवरून, पांढरा युनिफॉर्म, काखेत लाल आणि हिरवी झेंडी. शिट्टी गळ्यात लटकलेली.

"मॅडम, एक विचारू का?" बाबा म्हणाले. "पडदा पडेवरी मरून राय, असं तुम्ही म्हनले का नाही?"

"म्हणाले, पण त्याचा अर्थ..."

"अर्थाचं राहू द्या. तुम्ही सिग्नल देल्ला. पोट्ट्यानं तो पाळला. गाडी भलत्या लाइनीवर गेली, तं चूक सिग्नल देनाऱ्याची का गाडी चालवनाऱ्याची?"

ताईंनी डोळे मिटले. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी नको जाऊ हथखोजले. राय नाटकात. पोट्टा हुकूम पाळते, मी पायलं."

इथे लोक टाळ्या वाजवतात. एकदा एका गृहस्थाने डोळे पुसले. बहुतेक वेळा मी किस्सा इथेच संपवतो आणि भजी मागवतो. पण आज आई आतल्या खोलीत जागी आहे, आणि मघापासून तिचं खाकरणं चाललंय ते सर्दीचं नाही.

बरं, बरं. सांगतो.

बाटली खरी. सरपटणं खरं. दोरी तर खरीच, बंटीला विचारा, तो आता कुरुदला राहतो आणि भेटला की मला अजून बोटाने भोसकतो. खोटं एवढंच, की बाबा विंगेत आलेच नाहीत. झेंड्या, शिट्टी, सिग्नल, खांद्यावरचा हात, ते सगळं मी मागाहून घातलं. एकदम नाही, दर वर्षी थोडं थोडं. शिट्टी यंदाची आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर मी हथखोजलाच होतो.

झालं होतं ते आईला माहीत, कारण ती बाबांच्या शेजारीच बसली होती. मी विद्याच्या मांडीवरून सरपटायला सुरुवात केली, तेव्हा बाबांनी पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाला अगदी सहज विचारलं, "कोनाचं पोट्टं आहे हो हे?"

"काय माहीत जी," तो माणूस म्हणाला. "पन कोनी त्याच्या बापाले सांगा ना, काही इलाज करा म्हना."

"भेटला तं सांगतो," बाबा म्हणाले.