रिकाम्या डेगचीचा आवाज

नाकाडोंगरीच्या जंगलात कॅम्पिंगला येणारी मंडळी हल्ली मला सूप करायला बोलावतात. तंबू शहरातून येतो, सूपची पाकिटं शहरातून येतात, फौजेतला माजी हवालदार तेवढा इथला लागतो. मी पाकिटं बाजूला ठेवायला लावतो. चुलीवर लाखोळीची डाळ, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, सुके झिंगे, कोहळ्याच्या वड्या, लाल मिरच्या आणि शेवटी तांदळाच्या कण्या. उकळी फुटली की वास थेट मध्य प्रदेशात जातो आणि तिकडची अस्वलं हद्द ओलांडून रांगेत उभी राहतात. हे कुठे शिकलात, असं कोणीतरी विचारतंच. म्हणून लिहून ठेवतो.

आमची चौकी उत्तरेच्या एका बर्फाळ धारेवर होती. उंची एवढी, की गरुड आमच्या बुटांखालून जायचे. अंडं फोडायला हातोडा लागायचा; यात मात्र मी काही वाढवलेलं नाही. आम्ही सात जवान आणि एक कॅप्टन साहेब. लंगर, म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक, आळीपाळीने. त्या उंचीवर पाणी उकळतं, पण डाळ शिजत नाही. कुकरमध्ये शिजवून मग मोठ्या डेगचीत ओतायची आणि वरून बायकोने बांधून दिलेलं वाळवण घालायचं, अशी माझी पद्धत. वायरलेस सेट सांभाळायला होता नाईक सुधाकर, आमच्याच जिल्ह्यातला, आंधळगावचा. वडी खाऊन तो रोज म्हणायचा, आमच्या गावची गाय यापेक्षा बरी वडी घालते.

त्या दिवशी चार जणांची पार्टी खालच्या चौकीवरून रॉकेल आणायला गेली होती. चौघे एकाच दोराला बांधलेले, सेट घेऊन सुधाकर सगळ्यात मागे. दुपारी दोनला पार्टी परतीच्या शेवटच्या चढावर असल्याचा मेसेज आला. मी डेगची स्टोव्हवर चढवली. अर्ध्या तासात वारा सुटला आणि समोरचं सगळं पांढरं झालं. स्वतःचा हात दिसेना. उजेडाचे फ्लेअर सोडले, ते बर्फाने गिळले.

कॅप्टन साहेब म्हणाले, "काहीतरी वाजवा."

चौकीत वाजण्याजोगी एकच वस्तू होती आणि ती काठोकाठ भरलेली होती. भरलेलं भांडं ठोकलं तर नुसतं ठप्प करतं. मी साहेबांकडे पाहिलं.

"ओत," ते म्हणाले.

ओतलं. मग डेगची बाहेर टांगून पळीने अशी बडवली, की पलीकडच्या शत्रूनेही ताटल्या घेऊन रांग लावली असेल. त्या आवाजावर तिघे रांगत आले. त्यांच्या मागचा दोर कापलेला होता. कड्यावर बर्फाने कापला, त्यांना कळलंही नव्हतं.

साहेबांनी सेट उचलला. "सुधाकर, लोकेशन सांग. ओव्हर."

"एका दगडामागं बसलो, साहेब. पाय मोडला. काहीच दिसून नाही राह्यलं. ओव्हर."

"डेगची ऐकू येते का? ओव्हर."

"येते ना. चारही बाजूनं येऊन राह्यली. ओव्हर."

चौकीतले सगळे दोर जोडले. माझ्या कमरेला बांधून मला सोडलं. दोर संपला तिथे मी उभा राहिलो आणि हाका मारल्या. वाऱ्याने त्या परत माझ्याच तोंडात कोंबल्या. साहेबांनी ओढून घेतलं. पुन्हा जाऊ दिलं नाही. बरोबर होतं त्यांचं.

हँडसेट माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "त्याला झोपू देऊ नको. तुझ्या गप्पा आज कामाला लाव."

सुधाकरने विचारलं, "काय बनवलं बे आज?"

"लाखोळीचं."

"मले ठेवजो."

"अर्धी डेगची तुझीच आहे. वाफ निघून राह्यली, लेका."

बाहेर सूप दगड झालं होतं. त्यातून वड्या वर आल्या होत्या. मी सांगत राहिलो. एकेक झिंगा रेड्याएवढा आहे, कुकरमध्ये मावत नव्हता, शिंगं कापून टाकावी लागली.

तो हसला. "फेकू नको बे."

पुढच्या वेळी तेच म्हणाला, पण सावकाश. नंतर फक्त बटण दाबल्याची खटखट यायची. मग तीही नाही. साहेबांनी हँडसेट काढून घेतला तेव्हा मी मीठ किती टाकलं ते सांगत होतो.

सकाळी आभाळ उघडलं. सुधाकर ज्यामागे बसला होता, तो दगड आम्हाला चौकीतून रोज दिसायचा. दोर संपला होता तिथून साध्या आवाजात बोललं तरी ऐकू जावं, एवढ्याच अंतरावर.

त्याला घेऊन मी आंधळगावला आलो. सगळं आटोपल्यावर त्याच्या वडिलांनी मला ओसरीवर बसवलं. शेवटी काय बोलला, विचारलं. मी म्हणालो, काय बनवलं ते विचारत होता.

"मंग जेवला का तो?"

हो म्हणणं सोपं होतं. आयुष्यभर मी याहून मोठ्या थापा मारल्या आहेत. तोंड उघडलं, पण हो आलं नाही.

"नाही, काका."

त्यांनी आत हाक मारून माझं ताट मागवलं. समोर बसून स्वतः वाढत राहिले, भात संपला की पुन्हा भात. मला नको म्हणता आलं नाही.

नाईक सुधाकर, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी. जेवायचा राहिला.