मांडवपरतणीला आलेली अनसाआत्ती

शनिवारची दुपार. डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात विद्यापीठाच्या हॉस्टेलमधली माझी खोली मागे राहते आणि मी मेसच्या रांगेत उभी असते. पायाशी भरलेली बॅग. सहाच्या गाडीनं मी आजऱ्याला चाललेय, कायमची. येऊन बावीस दिवस झाले आणि रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडायचा आता कंटाळा आलाय.

पुढे अनसाआत्ती उभी आहे. वडिलांची बहीण, तीन वर्षांपूर्वी वारलेली. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं.

"आत्ती, मी घरी निघाले."

"ठावं हाय. मी बी तशीच आल्ते."

तिची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. लग्नानंतर पाचव्या दिवशी ती रीतीप्रमाणे मांडवपरतणीला म्हणून माहेरी आली, ती परत नांदायला गेलीच नाही. सासरच्यांनी छळलं म्हणून आम्ही अजूनही त्या गावच्या माणसाशी बोलत नाही. मी तिचीच भाची, मी तरी का सोसू?

ताट पुढे करते तर समोर आमच्या घरामागचं परसू. आत्ती दगडावर बसून मिरच्यांची देठं काढतेय.

"लई मारायचे का गं तुला?"

"कोण?"

"सासरचे."

"न्हाई बाई. सासू माझ्याआधी उठून पाणी तापवून ठेवायची."

"मग आलीस का?"

"करमत नव्हतं. आई म्हणाली, छळला असंल पोरीला. मी गप बसले."

"आणि तुझा नवरा?"

"दोनदा न्यायला आलं. तुझ्या आज्ज्यानं दारातनं हाकललं. मी चुलीम्होरं बसून ऐकत हुते." ती मान वर करते. "तू काय सांगिटलंस घरात?"

कालच मी आईला फोनवर सांगितलंय, रूममेट छळते म्हणून. आई रडली, म्हणाली, तसलीजवळ एक दिवस राहू नको.

"बोल की," म्हणत आत्ती माझं मनगट धरते. चुडा हाडापर्यंत रुततो.

मी ओरडूनच उठते. निलोफर, माझी रूममेट, उशाशी उभी आहे. "तू जेवली नाहीस, म्हणून ताट झाकून ठेवलंय," ती म्हणते.

मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. ताट बाजूला ठेवून मी आईला फोन लावते. फोन धरलेल्या हाताच्या मनगटावर बांगड्यांचे तीन वळ उठलेत, लालभडक, आणि एकातून रक्त येतंय.