चकत्या कोण घोटणार

घरात राज्य कुणाचं, ते थोरलीच्या उजव्या खांद्याला विचारा. सासूबाईंचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही. राज्य पातेल्याचं.

खाली दुकान, वर घर. दुकानात पाव-बिस्किटं चार ठिकाणी मिळतात तशीच; गिऱ्हाईक जिना चढल्यासारखं धापा टाकत येतं ते अक्रोडाच्या चकत्यांसाठी. डब्यावर ‘प्रॅलीन’ छापलंय, पण तसं म्हणतो कोण! कृती सरळ. साखर, लोणी, दूध आणि बटरस्कॉच पुडिंगची पावडर, तीही झटपटवाली नाही, शिजवायची असते ती, सगळं एकत्र उकळायचं. थेंब गार पाण्यात टाकला की मऊ गोळी व्हायला हवी. मग उतरवून भाजलेले अक्रोड घालायचे आणि घोटत सुटायचं. पाकाची तकाकी जराशी मंदावली की हात थांबवून चमच्याचमच्याने कागदावर सोडायचं. आधी थांबलात तर थारोळं, उशिरा थांबलात तर दगड. वाऱ्याने पाक लवकर बसतो, म्हणून स्वयंपाकघराची खिडकी कायम बंद.

ती तकाकी थोरलीला लग्नानंतर पहिल्याच खेपेला दिसली. "हिच्या हाताला गुण आहे," म्हणत सासूबाईंनी पाठ थोपटली, चमचा तिच्या हातात दिला तो दिलाच. स्वतः पुन्हा म्हणून गॅसपुढे उभ्या राहिल्या नाहीत.

थोरलीच्या परगावच्या लेकीचे दिवस भरत आले होते. फोनवर म्हणाली, "आई, तू ये. आणि आता इथंच राहा. खोली लावून ठेवलीये."

थोरलीने हळूच विचारलं, "उजेड येतो का गं खोलीत?"

सासूबाईंच्या कानावर फक्त बाळंतपणाला जायचं तेवढं घातलं. त्या म्हणाल्या, "जा की, अडवलंय कुणी? धाकटीला शिकव आणि जा."

धाकटी जाऊ तशी सगळ्या कामात चटपटीत. पण चकत्यांना उभी राहिली की रोज तोच तमाशा.

"आता थांब."

"थांबू?"

"थांब म्हणते ना!"

"अगंबाई! बसलं वाटतं."

चमचा पातेल्यात ताठ उभा. थोरलीचा नवरा खालून डोकावला, "वा! दांडा बसलाय, हातोडा म्हणून विकू या." सासूबाई पुटपुटल्या, "हिच्या हाताला गुणच नाही." धाकटी मान खाली घालून पातेलं भिजत टाकायची.

एका दुपारी थोरली बसचं तिकीट काढायला निघाली. पर्स विसरली म्हणून वळली तर जिन्यातच आवाज आला. पाक जड होत गेला की चमच्याचा सूर खाली जातो. तो गेला, आणि नेमका जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. थोरली आत गेली. कागदावर सुबक चकत्या, धाकटीच्या गालात एक गरम.

"कधीपासून येतंय तुला?"

धाकटीने गिळलं. "दुसऱ्याच दिवसापासून."

"मग रोज घाण का करतेस गं माझे बाई?"

"वहिनी, तुमचा फोन ऐकलाय मी. तुम्ही तिकडेच राहणार. मला जमतंय म्हटलं की हे दांडकं माझ्या गळ्यात. तुमच्या गळ्यातलं कधी उतरलं का?"

थोरलीने जिन्याकडे पाहिलं. सासूबाई खाली गल्ल्यावर बसल्या होत्या. जिन्यातून एक हाक मारायची, आई, जमलं हो हिला! की थोरली मोकळी. हाक अगदी ओठावर आली. समोर धाकटी उभी होती. तिचा खांदा अजून सरळ होता.

"महिनाभर सांभाळ," थोरली म्हणाली. "महिन्याने येते मी."

"नक्की? लेकीने धरून ठेवलं तर?"

"धरू दे."

"शब्द द्या."

थोरलीने दिला. शब्द देताना तिला वाटलं, बाहेरून कडी लागली की असाच आवाज होत असेल.

संध्याकाळी धाकटीने सगळ्यांदेखत घाणा काढला, एकही चकती वाकडी नाही. "आहे की गं गुण!" म्हणत सासूबाईंनी तिची पाठ थोपटली. धाकटी हसली नाही. तिने थोरलीकडे पाहून एक बोट वर केलं. एक महिना.

थोरली आतल्या खोलीत बॅग भरत होती तोच लेकीचा फोन.

"सगळे कपडे आण हं आई. पुढे हिवाळ्यात इकडे थंडी कडक असते."

"हो गं," म्हणत थोरलीने बॅगेतला लोकरी स्वेटर काढला, घडी सारखी केली आणि परत कपाटात ठेवला.