भासऱ्याचं यंत्र

द्रौपदी मेश्रामला राग आला की तिच्या तोंडचं जर्मन आधी गळून पडतं, मग पुणेरी मराठी, आणि खाली उरते ती साकोलीकडची बोली. रेगेन्सबर्गच्या कारखान्यातले तिच्या हाताखालचे लोक हे ओळखून आहेत. त्यांना शब्द कळत नाही, पण बाई "काहून?" म्हणाली की ते निमूटपणे सगळी मापं पुन्हा घ्यायला बसतात.

बर्फावर घसरायला ती शिकली पस्तिसाव्या वर्षी. तेही दोरावरच्या खुर्चीत बसून वर जायचं आणि आखलेल्या पट्ट्यावरून खाली यायचं, असलं नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टे सोलून काढायचे आणि कोऱ्या उतारावरून उतरायचं, हे तिचं वेड. आता गिर्यारोहण मंडळाच्या लोकांनाही तीच घेऊन जाते.

तिसऱ्या हिवाळ्यात तिने एका माणसाला बर्फातून उकरून काढलं होतं. दुसऱ्याच गटातला होता. छातीवर बांधायचं शोधयंत्र, ज्याला तिकडे सगळे एलफाऊएस म्हणतात, ते त्याच्या अंगावर होतं; पण बंद. चालू असतं तर त्याने बर्फाखालून खूण दिली असती आणि बाकीच्यांच्या यंत्रांनी काही मिनिटांत जागा दाखवली असती. लांब सळ्या खुपसत खुपसत तो सव्वा तासाने सापडला, मेलेला. खिशात अर्धं सोललेलं संत्रं होतं. साकोलीची, संत्र्यांच्या मुलखातली बाई, पण त्यानंतर डोंगरावर तिने कधी संत्रं नेलं नाही.

त्या शनिवारी चौघं होते. ती, नवरा मधू, कारखान्यातली चिंचवडची प्राची आणि मधूचे थोरले भाऊ दिनकर भाऊजी. भाऊजी लुडविग्सहाफेनला रसायनतज्ज्ञ. स्की करायला मधूपेक्षा सरस, आणि हे ते स्वतःच सांगत.

पार्किंगमधून निघताना नियम असा, की म्होरक्याने पुढे जाऊन उभं राहायचं आणि एकेकाने त्याच्यासमोरून जायचं. प्रत्येकाचं यंत्र बोलतंय का, हे म्होरक्याच्या यंत्रावर दिसतं. प्राची गेली, मधू गेला. भाऊजी निघाले आणि द्रौपदी आपलं यंत्र खाली करून पाऊलभर बाजूला सरली. तिच्या माहेरी भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, वाटेत बायका उभ्या राहत नाहीत, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाहीत. एकोणीस वर्षं जर्मनीत काढली, डायरेक्टरला सुनावून आली, पण भाऊजी घरी आले की चहासुद्धा अजून मधूच्या हातून पाठवायची.

"अहो, भाऊजींचं तेवढं तुम्ही बघता का?"

मधूने भावाकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "आहे रे चालू."

"गेनाऊ, बरोबर!" मधूने अंगठा दाखवला. आपलं यंत्र मात्र छातीवरून काढलंच नाही.

दोन तासांनी ते झाडी संपते तिथे पोचले. पुढे उघडा, तीव्र उतार. त्या दिवशी हिमस्खलनाचा धोका पाचांपैकी तीन नंबरचा होता आणि वाऱ्याने सगळं बर्फ नेमकं तिथेच आणून रचलं होतं. अशा उतारात शिरण्याआधी द्रौपदी पुन्हा एकदा तपासते. तिने आपलं यंत्र शोधावर टाकलं. मधू दिसला. प्राची दिसली. भाऊजी चार पावलांवर थर्मासमधला चहा पीत उभे होते, आणि यंत्राच्या लेखी तिथे कोणीच नव्हतं.

तिची कानशिलं तापली. सवयीने ती मधूकडे वळली आणि थांबली. मग सरळ भाऊजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, यंत्र द्या."

"मधू, ही काय म्हणतेय?"

"मधूले नाही, तुमाले म्हणून रायली मी. द्या."

भाऊजींनी ते काढून दिलं. आवाज इतका खाली आला होता, की मधूपर्यंत पोचला नाही. "थंडीत बॅटरी उतरते गं. चढताना काय होतंय? उतरायच्या आधी लावणारच होतो."

ती वळली. मागे झाडीतल्या सपाट, सुरक्षित मोकळ्या जागेत गेली, ते बंद यंत्र पिशवीत घालून हातभर खोल पुरलं आणि कुठून कुठे गेली ते कळू नये म्हणून सगळीकडे पाय आपटून बर्फ तुडवलं. मग ओरडली, "अहो! प्राची! माणूस गाडला गेलाय. या मोकळ्या जागेत शोधा. पंधरा मिनिटं."

"सराव? आत्ता?" प्राची म्हणाली. "ताई, माझी बोटं आधी शोधावी लागतील."

पण दोघं लागली कामाला. पाच मिनिटं झाली.

"माझं काहीच दाखवत नाहीये," मधू म्हणाला.

"माझंपण. आल्झो, म्हणजे, ताई, पुरलंयस ना नक्की? की चहा प्यायला पाठवलंस आम्हाला?"

द्रौपदीची नजर घड्याळावर होती. आठव्या मिनिटाला मधूने सळी काढली आणि गुडघ्यावर बसून खुपसायला लागला. भाऊजींना राहवेना. "पुरे आता. मधू, अरे ते बंद..."

"गाडलेला माणूस बोलत नाही, भाऊजी. गप उभे राहा."

मधूने मान वर केली. भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याला कळलं. तरी तो थांबला नाही. मान खाली घालून आणखी भरभर खुपसत राहिला.

"पंधरा," द्रौपदी म्हणाली. "मेले भाऊजी."

"शी! असं काय बोलतेस?" प्राचीचा विनोद सरला होता.

द्रौपदी एका वाकड्या झाडापासून सात पावलं चालली, खोऱ्याने यंत्र उकरलं आणि भाऊजींच्या हातावर ठेवलं. "लावा. माह्यासमोर."

यंत्राने टिवटिव केली. भाऊजी म्हणाले, "झालं? आता चला वर. वीस मिनिटांचं राहिलंय."

"नाही. परत फिरायचं."

"लावलं ना मी!"

"दोन घंटे तुमी बंद यंत्र घेऊन माह्या मागं चालून रायले. इचारलं तं चालू आहे म्हनलं. त्या उतारात मी तुमच्या शब्दावर पाय ठेवू? मले तुमचा शब्दच खरा धरता येत नाही. मी नाही नेत."

आल्या वाटेनेच, झाडीतून, चौघं खाली आले. पार्किंगमध्ये भाऊजी मधूला म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, वडीलधाऱ्यांशी बोलायची एक रीत असते."

बूट काढता काढता द्रौपदी म्हणाली, "मी इथंच आहो. मलेच सांगा."

ते प्राचीच्या गाडीत जाऊन बसले.

आपल्या गाडीत तिने मधूला धरलं. "सकाळी काहून नाही बघितलं तुम्ही?"

"दादाला चोरासारखं तपासू?"

"हो!"

मधूने गाडी हमरस्त्यावर घेतली. मग हळूच म्हणाला, "आणि तू? म्होरकी तू होतीस ना?"

दिवसभर दोघा भावांवर फिरलेला राग फिरून तिच्याच दारात येऊन उभा राहिला, आणि तिथून हलेना.

वाटेत पेट्रोल पंपावर दोन्ही गाड्या थांबल्या. तिने चार चहा घेतले. भाऊजींचा कप न्यायला मधूने हात पुढे केला, तर तो तिने त्याला दिला नाही आणि स्वतः प्राचीच्या गाडीपर्यंत गेली. तिने काचेवर टकटक केली.

"भाऊजी, घ्या. आणि पुन्हा यायचं असेल तर पहिल्यांदा माझ्यासमोरून जायचं. मी बाजूला सरणार नाही."

भाऊजींनी कप घेतला.

ती तिथेच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.