खिडकीजवळची खुर्ची

आमचे साहेब देवाला हात जोडतानाही आधी अटी ठरवून घेत असणार, याबद्दल माझी पक्की खात्री आहे.

साहेब मूळचे गव्हाणचे. पनवेलमध्ये त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे आणि तिथलं बिलिंग मी बघते. माणसं चालवायची त्यांची पद्धत एकच: काम करा, बक्षीस घ्या; चुकलात, शिक्षा भोगा. महिनाभर न चुकणाऱ्याला खिडकीजवळची, वाऱ्याची खुर्ची. चुकणाऱ्याला प्रिंटरशेजारची, जिथे दिवसभर लोक आपल्या डोक्यावरून कागद उचलतात. मी याला पोरखेळ म्हणते. मैत्रिणींत तर मोठ्याने म्हणते. आणि खुर्ची जाऊ नये म्हणून रविवारी ऑफिसात येऊन बिलं पुन्हा तपासते. एकदा ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मिळाली, तर मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. ती माझ्या लेकीहून लहान आहे. पुढे हा रोग घरीही आला. "भांडी घासलीत तरच थालीपीठ," मी नवऱ्याला सुनावलं. "तुझ्या साहेबांना नमस्कार सांग," म्हणत तो वडापाव आणायला गेला.

मध्यंतरी साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, जमिनीवरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद. सोबत कुणी असल्याशिवाय हॉस्पिटल दाखल करून घेईना. तारीख टळत होती, दुखणं वाढत होतं. शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शनवारी याल काय, मॅडम? खुर्ची कायमची तुमची."

"येते. खुर्ची नको."

त्यांचा चेहराच उतरला. "मंग ऱ्हाऊ द्या. 'काय नको' बोलणारी मानसं ऐन टायमाला येत नाय. आमचा भाऊ पन असाच बोलला, तुझं काय नको."

"बरं," मी म्हटलं, "खुर्ची, आणि वर नवीन पंखा."

"पंखा नाय. खुर्ची न् कुलपाचा ड्रॉवर."

"ठरलं."

त्यांना हायसं वाटलं. मलाही. खोटं कशाला बोलू, खुर्ची मला हवीच होती.

शनिवारी खांदा कॉलनीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशन नीट पार पडलं. भूल उतरता उतरता त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "मॅडम, हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि तसेच पुन्हा झोपले. आता बसण्याची गरज नाही, असं नर्स दोनदा सांगून गेली. मला चहाची तलफ आली होती, घरी कपडे भिजत पडले होते. हात सहज सोडवता आला असता. नाही सोडवला.