गंधालीला पारोशीच थुंकी लागते

आमची गंधाली थुंकी गोळा करते. हसू नका! मी एकदा हसले होते, तर माझ्या या भाचीने आठवडाभर अबोला धरला होता.

माणूस ताणात असला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, ते थुंकीत उतरतं. त्यावरून माणूस कधी चिडतो, कधी गप्प होतो, हे ही बया शोधते. अंधेरीच्या एका संस्थेत वर्षानुवर्षं कंत्राटावर राबली पोर. चाळिशी उलटली तरी पर्मनंट जागा नाही.

मग तिने कांजूरमार्गच्या एका चाळीतल्या बायका घेतल्या, बहुतेक आमच्याच मालवणकडच्या. तिथे पहाटे पाणी येतं आणि सगळा मजला एका नळावर तुटून पडतो. बायकांनी डोळे उघडल्याबरोबर एका नळीत थुंकायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या नळीत. जाग आल्यावर हे हार्मोन चढतं म्हणे, म्हणजे दुसरी नळी वरचढ निघायला हवी. या बायकांची चक्क उतरलेली निघाली.

तिचे वरिष्ठ, मुकुल सर, खूश. "या बायकांची शरीरं इतकी थकलीत की ताणाला साथच देत नाहीत. जबरदस्त पेपर आहे, लिहून टाक. पर्मनंट जागेचा इंटरव्ह्यू तोंडावर आलाय, विसरू नकोस."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे मुलुंडला आली. समोर घावणे तसेच पडलेले. "आत्या, जानकीकाकी थकलेली? अगं, सकाळी नळावर अख्ख्या चाळीची वाट लावते ती! काहीतरी चुकतंय यार."

आणि ही उठून सरळ जानकीकडे राहायला गेली.

पहाटे जानकी उठली. बिछाना गुंडाळला, नळावर धावली, पाणी भरलं, भांडली, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. मग ओल्या केसांवर पदर घेऊन पहिली नळी हातात धरली.

"काकी, ही आत्ता?" गंधाली किंचाळली.

"मगे? पारोशा तोंडान थुकी देऊ काय गो तुका? थंय मोठी शिकलेली माणसां बघतली. आमका काय लाजबिज नाय?"

चौकशी केली तर सगळ्या मजल्याचं तेच! म्हणजे पहिली नळी ऐन चढावरची आणि दुसरी उताराची. आणि ही कार्टी आमच्याच घरात वाढलेली! आमच्याकडे पारोसं कुणी देवाच्या फुलांनाही हात लावत नाही, हे तिला माहीत नव्हतं का? शास्त्रज्ञ झाली आणि विसरली.

सर भडकले. "सगळे आकडे फेकणार? मग इंटरव्ह्यू गेला समज."

"गेला तर गेला, सर. या बायकांबद्दल खोटं नाही लिहिणार मी."

हे तिने मला नंतर सांगितलं. या वयात दुसरी जागा कोण देणार होतं तिला? पण खरं सांगते, अभिमानही तेव्हाच वाटला.

तिने बायकांना पुन्हा जमवलं. "हे देवाला नाही, मला द्यायचंय. आंघोळीनंतरची थुंकी मला शिळी! मला पारोशीच पाहिजे."

"शीऽऽ! काय घाणेरडी पोर गो ही!" त्यांतली सुगंधा ओरडली आणि सगळ्या पोट धरधरून हसल्या. पण नळ्या उशाशी गेल्या.

या वेळी आलेखाची रेघ अशी चढली की बस्स! नळावर पहिलं धावणाऱ्या बायकांची तर सगळ्यांत उंच. तो कागद घेऊन ती चाळीच्या कमिटीपुढे उभी राहिली. गच्चीवर टाकी बसवायची म्हटलं की ही पुरुषमंडळी वर्षानुवर्षं "बघू" म्हणत होती. अध्यक्ष अण्णांनी चष्मा पुसून विचारलं, "यात आमच्या घरातली रेघ कुठची?"

"ते सांगायचं नसतं, अण्णा."

"सगळ्यांत उंच असेल ती आमचीच," अण्णा पुटपुटले. टाकी बसली.

इंटरव्ह्यूही झालाच. तिथे या बाईने आधी आपली चूकच सांगितली, मग रेघ दाखवली. आणि घेतलं तिला! पर्मनंट! मुकुल सरांनी स्वतः तिच्या तोंडात पेढा भरवला. तेवढा माणूस बरा.

टाकी बसल्यावर पुन्हा नळ्या वाटल्या होत्या. त्या न्यायला ती भल्या सकाळी जानकीच्या दाराशी गेली आणि मला तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"आत्या, उजाडलं गं. पाणी टाकीत पडतंय, आणि काकी अजून झोपल्येत. शेजारची उठवायला निघाली होती, मीच हात धरला तिचा." ती रडत होती, माझेही डोळे भरून आले.

"मग आता?"

"आता काय! बसल्येय उंबऱ्यावर. उठतील तेव्हा उठतील."