भिंतीकडे तोंड केलेली पुस्तकं

देवाशी भांडण असलेली माणसं मी बातमीदारीच्या नोकरीत पुष्कळ पाहिली. पण ते भांडण पुस्तकं मागवून, त्यांना कव्हरं घालून, वर्षानुवर्षं पद्धतशीर चालवणारा माणूस एकच पाहिला: गडचांदूरचे माझे घरमालक. मी तिथं वार्ताहर होतो तोवर त्यांच्याच पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, मीही म्हणायचो.

भाऊ चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावण्याच्या कामावरून निवृत्त झाले होते. कान बरेचसे तिथंच राहिले. आपलं वाचन आपल्याला ऐकू यावं म्हणून ते मोठ्यानं वाचत, आणि वाचत ते फक्त ख्रिस्ती धर्मशास्त्र. परिणामी कृपा, पाप, पुनरुत्थान हे शब्द आमच्या गल्लीत भाजीवालीच्या आरोळीइतके ओळखीचे झाले होते. समोरच्या बौद्ध घरातल्या आजी तांदूळ निवडता निवडता मला विचारायच्या, "काल तो राजा मेला का वाचला? मले मधातच झोप लागली." दुपारी खाणीचा भोंगा वाजला की भाऊ ओळीवर बोट ठेवून थांबत. स्फोट होई, तावदानं थरथरत. "बरोबर बसला," असा शेरा देऊन ते बोट उचलत आणि संदेष्टा जिथं थांबला होता तिथून पुढं चालू लागे.

पुस्तकं नागपूरहून एस.टी.च्या पार्सलनं येत. भाऊ आधी सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा आतला कागद झटकत आणि त्याचं कव्हर घालत. त्यामुळे जाडी सोडली तर त्यांच्या फळीवर एका भाष्यकारात आणि दुसऱ्यात काही फरक उरत नसे. नाव लिहायचं नाही, हाही नियम होता. मग परीक्षा. पुस्तक थेट ईयोबाच्या शेवटापाशी उघडायचं. ईयोब म्हणजे तो सज्जन माणूस, ज्याची गुरंढोरं आणि दहाही लेकरं एका दिवसात गेली, आणि ज्याला देवानं शेवटी सगळं परत दिलं, नवी लेकरंसुद्धा. लेखक त्या नव्या लेकरांवर खूश होऊन पुढं सरकला की भाऊ पुस्तक मिटत. "नापास." नापास पुस्तक फळीवर कणा आत करून, भिंतीकडे तोंड करून उभं राही. मी राहायला गेलो तेव्हा जवळजवळ सगळी फळी पाठमोरी होती.

चर्चचे पाळकसाहेब घरभेटीला आले की भाऊंचा प्रश्न ठरलेला. "साहेब, पयल्या लेकरायचं काय झालं?" पाळकसाहेब भला माणूस. ते एकदा म्हणाले, "देवानं सगळं भरून दिलं ना, भाऊ." भाऊंनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला आणि शांतपणे विचारलं, "तुमचंई तोंड भिंतीकडं करू काय?"

सामाईक भिंतीपलीकडे एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. त्यांना सगळे मास्टर म्हणत. मशीन चालवता चालवता ते सगळं ऐकत आणि भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात मत देत.

"भाऊ, आमच्या किताबात अय्यूब नबीले, म्हंजे तुमच्या ईयोबाले, त्याचे घरचे परत भेटले. अन् वरून तेवढेच अजून."

"तुमचं बरं आहे, मास्टर."

"मंग मानून घ्या ना."

"माह्या घरच्या पुस्तकात सापडल्याबिगर कसं मानू? दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालता काय तुमी?"

हे सगळं कशापायी, ते मला बाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, सांगितलं. त्यांची पहिली मुलगी शाळेत जायला लागली आणि तापानं गेली. पुढं मुलगा झाला. पेढे घ्यायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, देवानं भरून दिलं. भाऊंनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. पहिलं पार्सल त्या सुमारास आलं. तेव्हापासून कोणी "लेकरं किती?" विचारलं की बाई म्हणत, "एकच. पोरगा. पुण्याला असते." आणि भाऊंना नेमकं त्याच वेळी आत काहीतरी शोधायचं असे.

एका नाताळाच्या तोंडावर भाऊ कोरपन्याला गेले असताना बाईंनी आणि मास्टरांच्या बायकोनं घराला चुना मारला. पुस्तकं उतरवली, पुसली आणि सगळ्यांचे कणे बाहेर काढून सुरेख लावली. भाऊ परतले आणि दारातच थबकले. पास कोण, नापास कोण, काही कळायला मार्ग नव्हता.

"काऊन केलं असं?"

"पाहुणे येतेत," बाई म्हणाल्या. "पुस्तकं पाठ करून उभी राह्यते, बरं दिसते काय?"

भाऊ जेवले नाहीत. भिंतीपलीकडून तोडगा आला. "फेरपरीक्षा घ्या, भाऊ. पोरायलेई देतेतच ना एक चान्स."

भाऊंना ते न्यायाचं वाटलं. या वेळी त्यांनी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. नाताळ गेला. एका दुपारी त्यांचा आवाज मध्येच थांबला. भोंगा वाजला नव्हता. मास्टरांचं मशीनही थांबलं आणि ते गळ्यातला टेप तसाच ठेवून आत आले. मी आधीच पोचलो होतो.

भाऊंच्या हातात एक बारकं पुस्तक होतं. "हे पयल्याच पार्सलातलं," ते म्हणाले. "दोन पानं वाचून फिरवलं."

मग त्यांनी तो भाग आम्हाला समजावला, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. ईयोबाची मेंढरं दुप्पट झाली, उंट दुप्पट, बैल दुप्पट. लेकरं मात्र पहिली होती तेवढीच दिली. जनावरं गेली ती गेली. लेकरं गेली नव्हती, देवापाशी होती. ती धरून हिशेब दुप्पटच.

"मी काय सांगून राह्यलो होतो?" मास्टर म्हणाले.

"सांगत होते तुमी. माह्या मापात नोतं."

ते पुस्तक इतकी वर्षं त्याच फळीवर होतं. भाऊंनी नंतर एकही पुस्तक पुन्हा फिरवलं नाही. गल्लीतलं वाचनही कमी झालं. समोरच्या आजींनी तशी तक्रार केली.

माझी बदली चंद्रपूरला झाली. मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून घरी डोकावलो. भाऊ खूप थकले होते. माझ्या जुन्या खोलीत बँकेतली एक तरुण मुलगी राहायला येणार होती आणि बाई तिला नळाची वेळ समजावत होत्या. बोलता बोलता तिनं सहज विचारलं, "लेकरं किती तुम्हाला?"

बाईंनी तोंड उघडलं होतं. भाऊ खुर्चीवरून उठले नाहीत.

"दोन," ते म्हणाले. "मोठी पोरगी आहे."

भिंतीपलीकडचं मशीन क्षणभर थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.